बरा झाल्यावर

"झोप येते का?"

"येते."

"कानात कोणी बोलते का?"

"नाही जी."

"मंग डोळे कायले लाल?"

केशोरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हर्षा सिस्टरांनी असं विचारलं, तसा जागेश्वर खाली बघायला लागला. बाहेर बीपी-शुगरवाल्यांची रांग होती. त्याच रांगेत उभा राहून तोही आपल्या गोळ्या न्यायचा. आता कोणी वळून बघतही नसे.

"सिस्टर, पिंकीची आठवण येते," तो म्हणाला. "याच्यावर गोळी हाये का?"

सिस्टर लिहिता लिहिता थांबल्या. "हे दुखणं नाही, जागेश्वरभाऊ. तुम्ही बरे झाले म्हणून येऊन राहिली आठवण."

पिंकी त्याची बायको होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत जागेश्वरला आवाज ऐकू यायला लागले. आई पार्वताबाईनं त्याला आधी देवस्थानी नेलं, मग नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथल्या गोळ्यांनी उतार पडला. पण दर महिन्याला नागपूर कोण गाठणार? गोळ्या सुटल्या, आवाज परतले. पिंकीनं काही वर्षं काढली. शेवटी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. चार माणसांत फारकत झाली तेव्हा जागेश्वर तिथंच बसला होता, पण त्यातलं त्याला काही उमगलं नव्हतं. पुढे केशोरीच्या डॉक्टरांचं या आजाराचं प्रशिक्षण झालं आणि औषध गावातच मिळायला लागलं. तोवर गोंदियाजवळच्या कुडव्याला तिचा पाट लागला होता, दुसरा संसार सुरू झाला होता.

आता तो धानाच्या बांधीत दिवसभर राबायचा, आईला बाजाराला न्यायचा. धुऱ्यावर बसून शिदोरी सोडताना मात्र त्याचा हात थांबायचा.

एके दिवशी सकाळी आईला न सांगताच त्यानं अर्जुनीहून गोंदियाची गाडी धरली.

कुडव्यात एका म्हातारीनं दार उघडलं. "कौन होना?" कोण पाहिजे, असं तिनं विचारलं.

तिच्या मागून पिंकी आली. त्याला बघताच तिनं कडेवरचं लेकरू घट्ट धरलं. येताना गाडीत त्यानं पुष्कळ काही मनात आणलं होतं. ती आपल्याला भिईल, हे तेवढं आणलं नव्हतं.

"भांडाले नाही आलो," तो अंगणातूनच म्हणाला. "बरा झालो मी. गोळ्या भेटतेत दवाखान्यात. आपल्या केशोरीतच."

"केशोरीत?"

"हो."

ती उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "मंग तेवा काऊन नाही भेटल्या जी?"



"तू भातात जहर टाकून राहिली म्हणत होतो मी," तो म्हणाला. "ताट फेकत होतो. तू काई टाकत नोयती. मले आता समजते. तेच सांगाले आलो."

पिंकीनं पदरानं डोळे पुसले. आत गेली आणि ताट वाढून आणलं. भात, वरण, वांग्याची भाजी. तो खाली बसला आणि जेवला. शेवटच्या घासापर्यंत ती दाराशी उभी राहून बघत होती.

तो हात धूत होता तेवढ्यात तिचा नवरा ओमेश राईस मिलमधून आला. हा कोण आणि कशाला आला, ते पिंकीनं त्याला हलक्या आवाजात सांगितलं. त्यानं जागेश्वरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"स्टेशनवर जाता?"

"हो. निघतोच."

"चला, सोडून देतो."

"आईले सांगजा..." पिंकी म्हणाली, आणि रिकामं ताट उचलून आत गेली.

जागेश्वर मोटारसायकलवर मागे बसला, दोन्ही हात आपल्याच मांड्यांवर ठेवून. मोठ्या रस्त्याला लागताना गाडी खड्ड्यात आदळली.

"धरून बसा, भाऊ," ओमेश मागे न बघता म्हणाला. "आन् औषध सोडू नका."

जागेश्वरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा घामानं ओला होता आणि शर्टावर तांदळाचा कोंडा बसलेला होता.