घर, नव्या कार्डावर

तिने शेवटचा स्क्रू काढून बशीत ठेवला आणि कॉम्प्युटरमधलं जुनं ग्राफिक्स कार्ड दोन्ही हातांनी धरून वर ओढलं. ते निघेना.

"ताई, आधी खालची खिट्टी दाब," धाकटा म्हणाला. "तुटलं तर बाबा..."

खिट्टी दाबल्यावर कार्ड सुटलं. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा करडा थर बसला होता. तो पुसायला तिने फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. ही धूळ बाबांच्या वेळची होती.

धाकट्याने नवं कार्ड खोक्यातून काढून जुन्याच्या शेजारी ठेवलं. ते जुन्याच्या जवळजवळ दुप्पट लांब होतं.

"मेमरी चौपट," तो दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला. "वेग म्हणशील तर सहापट. सावल्या, प्रतिबिंबं, त्या जुन्याला जे कधी झेपलं नाही ते सगळं याच्या हातचा मळ."

"आणि खातं किती?" दारातून आईने विचारलं.

"वीज? दुप्पट."

"मग तुझ्यावरच गेलंय."

आई या खोलीत येऊन बसत नसे. बाबा होते तेव्हाही नाही. चौकटीला खांदा टेकून, खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत ती उभी राही, बोलायचं ते तिथूनच बोले. आता बाबा नव्हते, तरी रोज दुपारची कामं आटोपली की ती तिथेच येऊन थांबे आणि म्हणे, "लाव."

म्हणजे 'घर' लावायचं. न बांधलेल्या घरांतून लोकांना फिरवून आणणं हा बाबांचा धंदा होता. बिल्डर नकाशे आणून देत. बाबा त्यांतून पडद्यावर भिंती उभ्या करत, खिडक्यांतून ऊन आत सोडत. या कामाला कुठलं कार्ड चांगलं ते ठरवायला त्यांनी स्वतःचंच घर करून ठेवलं होतं. त्यात माणूस दिसत नसे. बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवरून स्वयंपाकघराच्या दारापासून निघायचं, बाहेरची खोली ओलांडायची, भिंतीवरच्या आरशासमोर क्षणभर थांबायचं आणि मुख्य दारातून बाहेर पडायचं.

त्यात त्यांची एक चूक राहिली होती. पडद्यावरचं चित्र बदललं की एक पाऊल पुढे, असा हिशोब त्यांनी लिहिला होता. चालण्याचा वेग घड्याळावर ठरायला हवा होता, तो ठरत होता कार्डावर. चूक लक्षात आल्यावरही त्यांनी ती सुधारली नाही. उलट, कोणी दोन कार्डं घेऊन सल्ला विचारायला आलं की ते म्हणत, "दाराशी आधी पोचेल ते घ्या."

त्यांचं स्वतःचं कार्ड जुनं, दमलेलं. त्यावर ही चाल इतकी संथ होई, की ती हुबेहूब बाबांची वाटे. वळणावर किंचित अडखळणं, दाराआधी रेंगाळणं. पण गेल्या काही आठवड्यांपासून पडद्यावर हिरवे ठिपके पडू लागले होते, पंखा खरखरत होता. काल बाहेरच्या खोलीच्या मध्यावर चित्र गोठलं. आई म्हणाली, "अर्ध्यात नका थांबवू रे त्यांना."

म्हणून आज हे नवं कार्ड.

ताईने ते बसवलं, झाकण लावलं. मशीन सुरू झालं, इतकं मुकाट्याने की धाकट्याने वाकून पंखे फिरताहेत ना ते पाहिलं.

"लाव," आई म्हणाली.

घर उघडलं आणि पळालं. खुर्च्या, खिडकी, भिंती सगळं सर्रकन मागे गेलं. आरशाशी एक चमक झाली, दार उघडलं आणि पडदा काळा झाला.

"सहापट," धाकटा पुटपुटला.

आईने फडकं खांद्यावरून काढून हातात घेतलं.

"हे कोण होतं?" ती म्हणाली. "हे नव्हेत. हे कधी पळाले नाहीत. दारात रिक्षा ताटकळली तरी नाही."

"प्रोग्रॅम तोच आहे गं आई. कार्ड तेवढं बदललंय."

"मग जुनं घाल परत."

"ते आज ना उद्या बंद पडणार."

ताईने धाकट्याला बाजूला सरकवलं आणि खुर्ची पुढे ओढली. नव्या कार्डाला लगाम घालता येतो, एका सेकंदात इतकीच चित्रं काढ म्हणून सांगता येतं, हे बाबांनीच तिला कधीतरी शिकवलं होतं. तिने आकडा कमी केला.

"अजून हळू," आई म्हणाली.

तिने आणखी कमी केला.

"आता फार हळू. आजारी नव्हते ते."

मग एका आकड्याला आईने नुसती मान डोलावली. ताईने ती न बघताच ओळखली, कारण तिच्या स्वतःच्या मानेवर काटा आला होता. बाबा निघाले होते.

"एवढंच," आई हळूच म्हणाली. "अस्सेच जायचे. एकदाही मागे वळून नाही बघितलं. मी आपली स्वयंपाकघराच्या दारात उभी. शेवटच्या दिवशी म्हटलं, आज तरी बघतील. पण नाही."

खुर्च्या मागे गेल्या. ऊन फरशीवर पडलं होतं, तेही आज जास्त खरं होतं. पावलं आरशाशी आली आणि थांबली.

जुन्या कार्डावर हा आरसा म्हणजे भिंतीला ठोकलेला करडा पत्रा होता. आज तो आरसा होता. आत खोली दिसत होती, खुर्च्यांच्या पाठी, खिडकीचा उजेड. जिथे बाबा दिसायला हवेत तिथे कोणीच नव्हतं. धाकट्याचा हात तिच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला.

मग तिला आरशात खोलवर, स्वयंपाकघराच्या दारात, कोणीतरी दिसलं.

चेहरा नीट नव्हता. बाबांना घरं जमत, माणसं जमत नसत. पण खांदा चौकटीला टेकलेला होता. खांद्यावर फडकं होतं, आणि फडक्यावर हात.

एवढा वेळ ती आकृती चालणाऱ्याच्या पाठीमागे होती. या घरात तिच्याकडे कोणी वळून बघतच नसे. ती दिसायची तर या आरशातच, आणि त्यासाठी लागणारं कार्ड बाबांनी कधी घेतलंच नव्हतं.

पावलं आरशासमोर आणखी जराशी रेंगाळली. मग दार उघडलं, पावलं बाहेर पडली आणि पडदा काळा झाला.

धाकट्याने जुनं कार्ड उचललं, ते कुठे ठेवावं हे न सुचून हातातच धरून ठेवलं.

"रोज," दारातून आईचा आवाज आला. "रोज थांबायचे तिथे. मला वाटायचं, कॉलर बघतात."

काळ्या पडद्यात खोली अंधुक उमटली होती. तीत धाकटा होता, ती स्वतः होती, आणि दोघांच्या मागे, चौकटीला टेकून, फडक्यात तोंड लपवलेली आई.

ताईने मागे वळून पाहिलं नाही.

"पुन्हा लावू?" तिने पडद्याकडे बघतच विचारलं.