माळ रिकामा नव्हता

मी कुसळी गवताचा एक जुना ठोंब आहे. लगेच पान उलटू नका, मित्रांनो. तुम्ही वडाचं मनोगत ऐकता, फाटक्या छत्रीचंसुद्धा ऐकता. माझी पाळी आली की मात्र म्हणता, "गवताला कसलं आलंय मनोगत!" हे ऐकून ऐकून मी विटलो आहे.

राणीसावरगावच्या बाजूला एक मुरमाड माळ आहे. तिथं मला कुणी पेरलं नाही. माझ्या बियांना लांब कुसळं असतात. ओल लागली की ती पीळ सोडतात, वाळली की पुन्हा पीळ घेतात आणि बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. उन्हाळ्यात मी वरून वाळतो, पण बुडाशी जिवंत असतो. लोकांना फक्त वरचं वाळलेलं दिसतं, त्याला मी काय करू?

मला ओळखणारं एकच माणूस होतं, धुरपताबाई. ती आणि तिचा नवरा आश्रुबा चाळीस मेंढरं राखत. आश्रुबा मला शिव्याच घाले, कारण दिवाळीच्या सुमाराला माझी कुसळं लोकरीत रुततात. धुरपताबाई त्याला म्हणायची, "आवो, गवताला कामून बोलायलाव? कुसळं धरायच्या आत चारून घ्यायचं आपल्याला कळाया पायजे." ती अर्धा माळ चारायची आणि अर्धा राखायची. तिच्या हाताखाली माझी बरीच वर्षं सुखात गेली.

१९८६ सालच्या उन्हाळ्यात तालुक्याहून एक साहेब आले. त्यांच्याबरोबर सरपंच दत्तराव होते. साहेब माझ्यावर उभे राहून म्हणाले, "केवढी जागा रिकामी पडली आहे! इथं निलगिरी लावू."

"लावा की सायब," दत्तराव म्हणाले. "पडीकच हाय समदं."

पडीक! माझी मुळं हातभर खाली गेलेली, माझ्यावर चाळीस मेंढरं जगत होती, लाव्हे माझ्या आडोशाला अंडी घालत होते, आणि मी पडीक? मला तोंड असतं तर तिथंच भांडलो असतो.

माळाला तारेचं कुंपण झालं. तेराशे खड्डे खणले गेले. खणणाऱ्यांत आश्रुबाही होता. गावातच रोजगार मिळत होता, तो का सोडील? माझ्या शेजारचे सात ठोंब त्याच्याच कुदळीनं गेले. कुंपणाबाहेर उभी राहून धुरपताबाई म्हणाली, "धनी, आपल्याच मेंढरांचं ताट उलथं करायलाव तुमी." तो खाली मान घालून खणत राहिला.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. चरायला जागा नाही म्हणून धुरपताबाई बांधाबांधानं मेंढरं फिरवू लागली. श्रावणात एका दुपारी तिची नजर चुकली आणि भुकेली मेंढरं ज्वारीच्या वावरात घुसली. पाण्यावाचून सुकलेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी असते. तिनं हाकलेपर्यंत उशीर झाला होता. पोटं फुगून, पाय झाडत अकरा मेंढरं बांधावरच मेली. तिचा टाहो माझ्यापर्यंत आला. मी तारेआड हिरवा उभा होतो. मला खायला कुणी नव्हतं.

भादव्यात साहेब पाहणीला आले. खड्ड्यांत लावलेली निलगिरीची रोपं माना टाकून वाळली होती. साहेब चिडून म्हणाले, "या गवतानं रोपांचं पाणी ओढलं. सगळं उपटून टाका."

घ्या! उभं राहणंही पाप, जगणंही पाप!

धुरपताबाई तार वाकवून आत आली. हातात खुरपं होतं. "सायब, जरा हिकडं बगा," ती म्हणाली. तिनं एका खड्ड्यात खुरपं मारलं. माती खापरीसारखी कोरडी निघाली. मग माझ्या बुडाशी खणलं, तर वीतभर खाली ओल लागली. "आता तुमीच सांगा, पानी खाल्लं कुनी आन् धरलं कुनी?"

साहेबांनी ती माती मुठीत दाबून पाहिली. मूठ उघडल्यावर ढेकूळ तसंच राहिलं.

"बाई, मला पटतंय," ते म्हणाले. "पण वरून हुकूम झाडांचा आहे, गवताचा नाही."

"मंग वरच्यांना सांगा, माजी अकरा मेंढरं मेली म्हनून."

साहेबांनी उपटणं थांबवलं. "कापून न्या," ते म्हणाले, "पण मेंढरं आत नकोत." तेवढंच झालं. ते कष्ट तिच्याच डोक्यावर आले. कुसळं धरेपर्यंत धुरपताबाईनं रोज दोन भारे नेले आणि उरलेली एकोणतीस मेंढरं जगवली.

पुढं तीन वर्षांत कुंपण पडलं, राखणदार यायचा थांबला, निलगिरी एकही उरली नाही. उरले ते खड्डे. आणि एका पावसाळ्यात आश्रुबा घमेलं घेऊन माळावर आला. त्यानं दाट जागेतले माझे भाऊबंद मुळांसकट काढले, खड्ड्यात माती लोटली आणि ते तिथं लावले. वाटेनं जाणारे हसले, "आरं, गवत कुनी लावतंय व्हय? येडा झाला काय!"

"म्याच खांदलं व्हतं," आश्रुबा म्हणाला. "मलाच बुजवाया पायजे."

धुरपताबाई मागून पायानं माती दाबत होती. तिनं त्याच्या डोक्यावरचं घमेलं उतरवून घेतलं.

दोघांनी मिळून सत्तर खड्डे बुजवले. मग मेंढरांमागं जावं लागलं. मित्रांनो, मला आळं नको, शेणखत नको, भाषण तर मुळीच नको. माळावर अजून बाराशे तीस खड्डे उघडे आहेत. येताना खुरपं घेऊन या.