एका चुलीमागे एक घर

गोजरबाईच्या नव्या चुलीला उजव्या अंगाला तडा गेला होता. वर केसाएवढा, खाली गव्हाचा दाणा शिरेल एवढा. काळी माती वाळताना आकसते. भुसा कमी पडला की अशी फाटते. गोजरबाईने शेणात राख कालवून तडा बुजवला, वरून तळहात फिरवला आणि चूल पुन्हा उन्हात वाळू दिली.

भादव्यात गोदावरी चढली तेव्हा शहागडची नदीकाठची आळी वाहून गेली. तेव्हापासून आळीतली माणसं बद्रीनारायण शेठच्या कापसाच्या गोदामात राहत होती. सरपण ओलं, म्हणून सगळ्यांनी मिळून एकच मोठी चूल पेटवली. दसऱ्याच्या सुमाराला पटवाऱ्यांवरचे अंमलदार, गिरदावर, सरकारचा नवा कायदा घेऊन आले. ज्यांचं घर पुरात गेलं त्यांना टेकाडावर जागा आणि छपराला लाकूड मिळणार होतं. एका चुलीमागे एक घर. त्यांनी गोदामात चूल बघितली आणि सगळ्या आळीला मिळून एक घर लिहिलं.

"साहेब, एवढी माणसं एका घरात कशी मावतील?" रामराव पटवाऱ्यांनी विचारलं.

"कायद्यात चूल लिहिलीय, पटवारी. माणसं लिहिली नाहीत."

मग गोदामाच्या अंगणात घराघराने चुली घातल्या. गोजरबाईनेही घातली. पण ती विधवा, थोरले दीर कारभारी यांच्या चुलीवर जेवणारी. तिची चूल वेगळी धरायची तर ती घरातून वेगळी निघाली असं चारचौघांत बोलावं लागणार होतं, आणि ते घरातल्या थोरल्याने बोलायचं अशी रीत. कारभारींच्या जुन्या घरात ती आणि तिची लेक गोठ्याला लागून झोपत. टेकाडावरही एकच घर मिळालं तर आपली जागा कुठे असेल, हे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती.

थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीने थेट बोलायचं नाही. म्हणून ती जावेला, तुळजाबाईला, म्हणाली, "अक्का, त्यांना म्हणावं, चूल वाळली. गिरदावर आज येत्याल. काय सांगायचं?"

तुळजाबाईने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे मान वळवली. "ऐकलं का? चूल वाळली म्हणती."

"मी बहिरा न्हाई," कारभारी म्हणाले. "तिला म्हणावं, बघू."

"बघू म्हणत्यात."

"बघू तर दिवाळीलाबी म्हणले व्हते."

"तिला म्हणावं, लोक काय म्हणतील? भाऊ गेला आन् कारभाऱ्यानं भावजय बाहेर काढली."

"त्यांना म्हणावं, कोणी काढून न्हाई राह्यलं. मीच निघून राह्यले."

तुळजाबाई नवऱ्याकडे वळली. "ती म्हणती, तुमची मर्जी."

"असं कुठं म्हणलं म्या?"

कारभारींनी मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. तेवढ्यात गिरदावर आणि पटवारी अंगणात शिरले. बाकी प्रत्येक चुलीतून धूर निघत होता. ज्या चुलीला विस्तव नाही ती गिरदावर धरत नव्हते. गोजरबाईच्या थंड चुलीपाशी ते थांबले.

"ही कोणाची?"

"आमचीच हाय, साहेब," कारभारी म्हणाले. "म्हंजे... बघू."

"बघू? मागच्या खेपेलाही बघूच होतं! घर एक का दोन? जल्दी बोला. आज कागद तहसीलला जातोय."

पटवाऱ्यांनी दौतीत टाक बुडवला. गोजरबाईने पदर पुढे ओढला. "अक्का, त्यांना म्हणावं—"

"मी न्हाई म्हणत आता कोणालाच!" तुळजाबाईने हातातली भाकरी काटवटीत आपटली. "दोघं हातभर अंतरावर बसून राह्यले, आन् मधात माझा घसा सुकून गेला. तुला तोंड न्हाई का? बोल की!"

अंगणात कोणीतरी हसलं. गोजरबाई उठली. नव्या चुलीला पहिला विस्तव थोरल्या चुलीतला लागतो. तिने चिमट्याने कारभारींच्या चुलीतला निखारा उचलला, आपल्या चुलीत ठेवला, वर काडक्या रचल्या आणि फुंकर घातली. धूर झाला, मग जाळ. बुजवलेला तडा उघडला नाही.

ती कारभारींकडे वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "ही चूल माझी. मी वेगळी निघाले."