माझ्या काळजाला बांधलेलं कलम

आता जे सांगतो त्यावर उधव्यापासून नरपडपर्यंत एक माणूस विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. मी कुठे तुमच्या परवानगीने बोलतोय?

चिखल्याच्या वाडीत चाळीस वर्षं मी चिकूची कलमं बांधली. मागच्या महिन्यात छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, "हाल्याबाबा, काळजाचा एक तुकडा मेला. आता शिडी बंद." वाडीची मुकादम सोनीबाई. तिने त्याच दिवशी माझी शिडी साखळीने बांधून कुलूप घातलं. शिडी नाही तर मी कोण? खाली बसून चिकू निवडणारा म्हातारा. ते मला जमणार नाही. काल दुपारी सगळ्या बायका चिकू निवडत असताना मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"कुलूप काढ. मुंबईला जाऊन काळजाला कलम करून आलोय."

"कसलं कलम, काका?" जिवलीने विचारलं. तिला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय.

"माझंच रक्त घेतलं. त्यातून कोवळ्या पेशी तयार केल्या, पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. मग त्यांना काळजाच्या पेशी व्हायला शिकवलं. अन् बशीतल्या बशीत लागल्या की धडधडायला! प्रत्येकीच्या अंगात इवलीशी वीज. एक पेटली की शेजारणीला पेटवते."

"मग बशीला हात लावला तर शॉक लागत असेल," जिवली म्हणाली. बायका खिदळल्या.

"हसा. त्या मेलेल्या तुकड्यावर बसवल्या अन् झाला घोळ. माझं जुनं काळीज मिनिटाला सत्तर ठोके, या पोरी दीडशे. एका छातीत दोन मुकादम! इथे एकीनेच जीव नकोसा केलाय. तिथला मोठा डॉक्टर घामाघूम. म्हणे, यंत्र बसवावं लागेल. मी म्हटलं, साहेब, बाजूला व्हा. मी खिरणीच्या रोपावर चिकूचं कलम चढवणारा माणूस. अन् त्या पेशींना दम भरला, माझ्या छातीत राहायचं तर माझ्या ठोक्याने चालायचं, नाहीतर निघा! गप झाल्या. पडद्यावरची रेघ एकदम सरळ."

"रेघ सरळ झाली म्हणजे माणूस मेला, काका."

"सरळ म्हणजे शिस्तीत गं! वर-खाली, वर-खाली, एकसारखी."

सोनीबाई उठली. तिने पदराची गाठ सोडली, किल्ली हातात घेतली. माझी नजर शिडीकडे गेली. वरची पायरी मला दिसायला लागली होती.

"नीट जुळलं ना?" तिने विचारलं.

"जुळलं म्हणजे? चार दिवसांत एकजीव! पाचव्या दिवशी पट्टी सोडून घरी."

तिचा हात थांबला. ती लग्न होऊन आली तेव्हा कलम बांधायला तिला मीच शिकवलं होतं.

"चार दिवसांत?" ती सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली. "खिरणीवर चिकू जुळायला दोन-अडीच महिने लागतात. मी घाईने कलमांची पट्टी सोडली म्हणून तू माझी अख्खी रांग उपटून फेकली होतीस, काका. अन् तुझं काळीज चार दिवसांत जुळलं? तू मुंबईला गेलाच नाहीस. साफ खोटं बोलतोयस!"