तिसऱ्या सर्व्हरवरची नोंद

मार्चमधली सकाळ आमच्या खोलीत थेट येत नाही. आधी ती समोरच्या पाण्याच्या टाकीवर पिवळसर टेकते, मग रस्त्यापलीकडच्या पत्र्यांवर सावकाश घसरते, आणि तिथून उलटून भीमाशंकरआप्पांच्या कापड दुकानावरच्या या खोलीत शिरते. खिडकीच्या गजांच्या फिकट सावल्या फरशीवर पडतात. उजेड कापडाच्या गाठोड्यांवर येतो, खुर्चीच्या पाठीवर येतो, मोडेमवरची धूळ दाखवतो. आणि शेवटी कॉम्प्युटरच्या काचेवर पोचतो, तेव्हा अक्षरं पुसट होतात. तेवढी दहा-पंधरा मिनिटं पडद्यावरचं काहीच वाचता येत नाही. त्या दिवसांत मला ती मिनिटं फार प्रिय होती.

साल दोन हजार तीन. आप्पा केजमध्ये आमच्या लिंगायत समाजाचं वधू-वर मंडळ चालवत आणि त्याची वेबसाइट मी सांभाळत असे. मेळाव्याची जाहिरात आली तेव्हा सोलापूर-लातूरपासून बंगळूरपर्यंतची माणसं एकदम साइटवर आली आणि पुण्यातला आमचा एकुलता सर्व्हर दिवसभर गुदमरला. म्हणून मी तिथे तीन सर्व्हर जोडून घेतले. नवी नोंद पहिल्यावर लिहायची, उरलेल्या दोघांनी तिची लगेच नक्कल करायची, आणि पाहणाऱ्यांची गर्दी या दोघांत वाटून द्यायची. साइट पुन्हा कधी थांबली नाही.

शिवकन्येची नोंद मीच केली होती. ती वडिलांबरोबर आली होती. मी उंची पाच फूट तीन इंच लिहिली, तेव्हा ती म्हणाली, "दोन. तीन नव्हे." आमचं बोलणं एवढंच. फेब्रुवारीत तिच्या वडिलांचा निरोप आला आणि तिच्या नावापुढे 'विवाह ठरला' हे शब्दही मीच लिहिले.

त्याच सुमारास तिसऱ्या सर्व्हरची नक्कल बंद पडली. दुसऱ्यावर तिचं लग्न ठरलेलं होतं; तिसऱ्यावर 'स्थळ पाहणे आहे' तसंच राहिलं. मला ते ठाऊक होतं. गर्दी ओसरली की दुरुस्त करू, असं रोज ठरवून रोज सकाळी मी तिसऱ्यावरचीच तिची नोंद उघडत असे.

त्या सकाळी दिंद्रुडचे विश्वेश्वरअण्णा मुलाला घेऊन जिना चढून आले.

"शरणार्थ आप्पा. या पोरीचं घर दावा. पोराला संगंच आणलंय."

आप्पांनी हातातला कागद पाहिला. "अण्णा, हिचं ठरलं की. लातूरचं स्थळ. महिना झाला."

"कावून चेष्टा करता? परवाच माजलगावला नेटवरून कागद काढला. बगा, 'स्थळ पाहणे आहे'."

आप्पांनी आपल्या कॉम्प्युटरवर तिचं नाव काढलं. "इथं तर 'ठरला' दिसतंय."

"एकाच पोरीचं इथं ठरलंय अन् माजलगावात न्हाई? लई भारी पेटी हाय तुमची!"

ते मोठ्याने हसले. मुलगा हसला नाही. त्याच्या नव्या शर्टाच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. कॉलरमध्ये एक टाचणी तशीच होती. त्याने तो कागद परत घेतला, चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवला. फेकला नाही.

चहा पिऊन ते गेले. आप्पांनी विचारलं, "महांतेश, हे कशानं झालं?"

"तिसरा मागे पडला होता. कधी कधी आपोआप बंद पडतो."

"मशीनच ते. चालायचंच," आप्पा म्हणाले. जिन्यावर थांबून पुन्हा म्हणाले, "पण त्या लेकराचं तोंड पाहिलंस का रे?"

ते खाली गेल्यावर मी नक्कल पुन्हा सुरू केली. महिनाभराच्या नोंदी ओळीने तिसऱ्यावर उतरू लागल्या. काही मिनिटांत शिवकन्येचीही उतरली. फोटो तोच, उंची पाच फूट दोन इंच, आणि पुढे 'विवाह ठरला'.

सर्व्हर आपल्या प्रत्येक थांबण्याचं कारण एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती मी महिनाभर उघडली नव्हती. आता उघडली. उजेड काचेवरून सरकला होता. अक्षरं स्वच्छ होती. बिघाडाची एकही ओळ नव्हती. अकरा फेब्रुवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटं, म्हणजे मी ते दोन शब्द लिहिण्याच्या चारच मिनिटं आधी, थांबण्याची आज्ञा आली होती. आज्ञा देणाऱ्याचं नाव महांतेश होतं.

नक्कल बंद पडली नव्हती. मी ती बंद केली होती.