थर्माकोलच्या भिंती

लिंझी थॉर्पची सफरचंदांची शेड बाहेरून पाहिली तर साठ वर्षं जुनी. नीलगिरीच्या काळपट फळ्या, गंजकं छप्पर, दारावर त्याच्या आजोबांनी रंगवलेलं नाव. आमच्या हुऑन खोऱ्यात सगळे धरून चालले होते की आतही तेच जुनं लाकूड आहे. ते तसं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण आतलं लाकूड मीच उपटलं होतं.

मी धंद्याने सुतार, आणि एकोणीस वर्षं गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा कॅप्टन. आमच्याकडे कॅप्टन वरून नेमत नाहीत. दरवर्षी जूनमध्ये सगळे स्टेशनात जमतात, हात वर करतात आणि मग सॉसेज भाजतात. एकोणीस वर्षांत माझ्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही, बाकीच्यांना कागद भरायचा कंटाळा होता.

तीन वर्षांपूर्वी लिंझीला शेडमध्ये नवं कोल्ड स्टोरेज करायचं होतं. "पण बाहेरून आजोबांची शेड दिसली पाहिजे हं, रॉस," तो म्हणाला. मी सहा आठवडे खपलो. माणसाच्या कंबरेएवढे जाड खांब आणि तुळया काढल्या. वर छप्पर पेलायला बारीक लाकडाच्या तिकोनी कैच्या चढवल्या, जोडांवर दातेरी पत्र्या ठोकलेल्या. भिंती आणल्या त्या दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल भरलेल्या, इतक्या हलक्या की दोघं जण अख्खी भिंत उचलत. काम झकास झालं.

जाड तुळई जळते तेव्हा बाहेरून कोळसा होते आणि आतून उभी राहते, माणसाला बाहेर पडायला वेळ देते. बारक्या कैचीचं तसं नाही. पत्रीचे दात तापून सुटले की छप्पर खाली. आणि थर्माकोलच्या भिंतीत आग पत्र्याच्या आतून पळते. तुम्ही हात लावता तिथे पत्रा गार लागतो, आणि चार हातांवर भिंत आतून पोकळ झालेली असते.

आमच्या गाडीत एक डबा असतो, त्यात गावातल्या प्रत्येक मोठ्या इमारतीचं कार्ड. थॉर्पच्या कार्डावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'जाड लाकूड. आत जायला हरकत नाही.' काम संपलं त्या दिवशी ठरवलं होतं, उद्या हे बदलायचं. तो उद्या तीन वर्षं आलाच नाही. दुसऱ्या कोणी असा आळस केला असता तर मी त्याला सोलून काढला असता.

एप्रिलच्या एका रविवारी दुपारी, सफरचंदांची तोडणी ऐन भरात असताना, आगीची वर्दी देणारा कमरेचा बीपर वाजला. मी नदीपलीकडे एका घरात दार बसवत होतो. पोचायला अकरा मिनिटं लागली. गाडी येऊन उभी होती आणि पंपावर ब्रॉन होती. ती माझी उपकॅप्टन, एरवी शाळेची बस चालवते.

"आत कोण गेलंय?"

"डेकलन आणि कर्ट. फोर्कलिफ्टचा चार्जर पेटलाय, एवढंच. कार्ड बघूनच पाठवलंय, काळजी नको."

मी तिच्या हातातून रेडिओ ओढला.

"डेकलन, बाहेर ये. दोघंही."

"कॅप्टन, आग समोर दिसतेय. बारकीशी आहे. दोन मिनिटं दे."

"नळी टाक आणि ये!"

"अरे पण भिंत गार आहे! हात लावून बघितली मी!"

"म्हणूनच सांगतोय, गाढवा! निघ!"

ते आले. डेकलनने हेल्मेट माझ्या पायाशी आपटलं. लिंझीने माझी कॉलर धरली. "रॉस, माझं अख्खं वर्ष आहे आत. जाऊ दे ना त्यांना. तुला काय जातंय?"

"माझी दोन माणसं जातात," मी म्हणालो. "नाही."

मग आम्ही बाहेरूनच पाणी मारत राहिलो. मला वाटलं, पाच मिनिटांत शेड बसेल. नाही बसली. दहा झाली, वीस झाली. मी सारखं घड्याळ बघत होतो. खरं सांगायचं तर मी मनातून तिच्या पडण्याची वाट बघत होतो, म्हणजे मी बरोबर ठरेन. तीस वर्षांच्या दोस्ताची शेड, आणि ती लवकर पडावी म्हणून मी देवाला आळवत होतो. याची मला आजही लाज वाटते.

चाळिसाव्या मिनिटाला ती पडली. कुरकुर नाही, इशारा नाही, छप्पर एकदम खाली आलं. भाजलेल्या सफरचंदांचा वास दोन दिवस गावात होता.

"चाळीस मिनिटं," डेकलन म्हणाला. "मला दहा पुरली असती."

पुरली असती कदाचित. किंवा बाहेरून एवढं पाणी मारलं नसतं तर ती सातव्याच मिनिटाला पडली असती आणि ते दोघं खाली सापडले असते. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? गावात मात्र निकाल लागला होता: म्हातारा घाबरला आणि लिंझी बुडाला.

जूनच्या सभेत मी गप्प बसू शकलो असतो. ते कार्ड रातोरात बदललं असतं तरी कोणाला कळलं नसतं. मी ते टेबलावर ठेवलं. म्हणालो, "आतल्या भिंती मी बांधल्या. कार्ड मी बदललं नाही. तुम्ही आत गेलात ते माझ्या अक्षरावर भरवसा ठेवून."

ब्रॉनने कार्ड उचलून वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे आत घालणारा तूच आणि बाहेर काढणाराही तूच?"

"हो."

"आणि हे आम्हाला आता सांगतोस? बैल गेला नि झोपा केला!"

नव्या कॅप्टनसाठी ब्रॉनचं नाव आलं. सगळे हात वर गेले. माझाही गेला, ती चांगली आहे. सॉसेजला मी थांबलो नाही, थांब असं कोणी म्हणालंही नाही.

पृथ्वीच्या आमच्या या खालच्या टोकाला जूनपासून हिवाळा, आणि तो त्या वर्षी लांबला. बीपर परत केला होता, तरी हात कमरेशी जायचा. शनिवारी लिंझीची होडी निघायची, एकट्या लिंझीला घेऊन. आम्ही तीस वर्षं त्या होडीत बसून एकमेकांना शिव्या देत मासे धरले होते. दुकानात मी शिरलो की बोलणं थांबायचं. बायको, मोइरा, जाऊन पाच वर्षं झाली. घरी भांडायलाही कोणी नाही. एकटेपणा सवयीचा होतो म्हणतात. कोण म्हणतं ते एकदा भेटावं मला.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी पोस्टापाशी उभा होतो. समोरून डेकलन आला, बाबागाडी ढकलत. त्याला मुलगी झाल्याचं दुकानात ऐकलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन आठवड्यांची असेल. त्याने मला पाहिलं. क्षणभर थांबला, मग बाबागाडी वळवली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागला.

पलीकडे गेल्यावर तो वाकला आणि तिचं पांघरूण नीट केलं. तिला काहीतरी म्हणाला, हसला. मग बेकरीच्या कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.

त्याने माझ्याशी जन्मभर बोलू नये. चालेल मला. मी पोस्टाच्या पेटीला धरून भर रस्त्यात रडलो, आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं.