पाण्यालाच तहान

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. पण चंद्र-तारे मी कधी पाहिले नाहीत. मी पाहते ती खेळाडूंची लघवी. नाक मुरडू नका! माझे खरे नाव रिफ्रॅक्टोमीटर. ते म्हणताना जीभ अडखळते, म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला दुर्बीणच म्हणत.

कारखान्यात मला एका टोकाला डोळा लावायचे भिंग बसवले आणि दुसऱ्या टोकाला तिरपी काच. काचेवर थेंब टाकून उजेडाकडे धरले, की आत एक रेषा दिसते. शरीरात पाणी कमी असले की लघवी दाट होते आणि रेषा वर चढते. साध्या पाण्याची रेषा मात्र शून्यावर. एवढेच माझे काम.

मी ज्यांच्या हाती आले, त्या तपासनीस ताई. दर थेंबानंतर त्या मला आधी ओल्या फडक्याने पुसायच्या, मग कोरड्या. जुन्या सुती कापडाचे ते चौकोनी तुकडे त्यांचे यजमान घरी कापून द्यायचे. ताई हसत सांगायच्या, "आमच्या ह्यांना एवढंच सरळ कापता येतं. भाजी चिरायला दिली की संपलं!"

एकदा कुस्तीची निवड होती. वजन कमी भरावे म्हणून काही जण पाणीच सोडतात. ते जिवावर बेतू शकते. म्हणून नियम असा होता, की रेषा ठरलेल्या खुणेच्या वर गेली तर त्या दिवशी कुस्ती नाही.

पहिला आला एक धिप्पाड पैलवान. ताईंनी त्याचे रक्त घेतले आणि त्याच्या लघवीचा थेंब माझ्यावर टाकून पाहिला. तेवढ्यात पैलवानाची नजर स्वतःच्या रक्ताच्या नळीवर गेली आणि तो धप्पकन आडवा झाला! ताई मला टेबलावर ठेवून धावल्या. तो डोळे उघडून लाजेपर्यंत त्याचा थेंब माझ्या काचेवर वाळून गेला होता.

मग चिमणीची पाळी आली. सगळ्यांत लहानखुरी, म्हणून चिमणी. ताईंनी घाईत तिचा थेंब तसाच माझ्यावर टाकला. रेषा खुणेच्या वर!

"चिमणे, पाणी सोडलं होतंस ना?" तिचे सर कडाडले.

"नाही हो सर! सकाळपासून पितेय. आईला विचारा!"

"मग काय दुर्बीण खोटं बोलतेय?"

हो, बोलत होते! पण मला कुठले तोंड? तिची वर्षभराची मेहनत माझ्या काचेवर अडकली होती.

ताईंनी चिमणीच्या चेहऱ्याकडे पाहिले. "सर, जरा थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी मला कोरडेच पुसले आणि साध्या पाण्याचा थेंब टाकला. रेषा शून्यावर बसेना.

"अहो, पाण्यालाच तहान लागलीय!" ताईंना हसू फुटले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "माझंच चुकलं गं बाळा. पैलवानाच्या नादात काच पुसायची राहिली, त्याचा वाळलेला थेंब तुझ्या थेंबात मिसळला."

मला धुतले, पुसले. पाणी शून्यावर आले. मग त्याच बाटलीतला चिमणीचा दुसरा थेंब. रेषा खुणेच्या चांगली खाली.

"जा, खेळ," ताई म्हणाल्या.

सर खाकरले. "आधी घोटभर पाणी पी."

"मलाही द्या," खाटेवरून पैलवान म्हणाला.

पुढे आकडे दाखवणारे यंत्र आले आणि मी कपाटात गेले. तक्रार नाही. आता चिमणी स्वतः मुलींना कुस्ती शिकवते. तिने मला मागून नेले आणि माझे रोज सकाळचे काम पुन्हा सुरू झाले.

गेल्या वर्षी ताई गेल्या. काही दिवसांनी त्यांचे यजमान गाठोडे घेऊन चिमणीकडे आले. "तिच्यासाठी कापून ठेवले होते," ते म्हणाले. "घरी कोण वापरणार?"

चिमणीने त्यातल्याच एका फडक्याने मला पुसले, साध्या पाण्याचा थेंब टाकला आणि मला काकांच्या हाती दिले. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"रेषा शून्यावर आहे. म्हणजे बरोबर ना?"

"अगदी बरोबर, काका. ताई पुसायच्या तशीच काच स्वच्छ झालीय."

मित्रांनो, कोणाला खोटे ठरवण्याआधी आपली काच साध्या पाण्यावर पाहून घ्या. आणि काम झाले की आम्हाला तसेच टाकू नका. पुसून ठेवा. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्या. गाठोड्यात तुकडे अजून पुष्कळ आहेत, आणि सगळे अगदी सरळ कापलेले आहेत.